बागेचं पाणी

अध्यक्षांनी माझ्या मायच्या हातातली भरलेली घागर घेतली आणि गुलाबांच्या मुळाशी ओतली.

हिसकावली नाही. घेतली. पाहुण्याच्या हातातलं ओझं घ्यावं तशी. रिकामी करून परत तिच्या हातात दिली आणि हसून म्हणाले, "मावशी, बागेचं पाणी बागेलाच जाऊ द्या."

शेजारच्या हिरवळीवर हास्यक्लब चालू होता. मंडळी हात वर करून मोठमोठ्यानं हसत होती. त्यामुळं मायला कोण हसलं आणि तब्येतीसाठी कोण हसलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी दुसरी घागर घेऊन मागून येत होतो. म्हणालो, "ओतली कशाला?"

"सर, नियम सगळ्यांना सारखे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही तर लेकरांना शिकवता."

रिकामी घागर मायनं भरल्या घागरीसारखीच कमरेवर घेतली आणि निघाली.

हे लातूर आहे. एकदा रेल्वेनं पाणी आणलेलं शहर. नळाला पाणी कधी येणार, हे नळालाच माहीत. आणि आता जिथं गुलाब आहेत, तिथं आमच्या वस्तीचं पटांगण होतं. लग्नाचे मांडव तिथं पडायचे. जयंतीची मिरवणूक तिथून निघायची. एका दुष्काळात महापालिकेनं तिथंच वस्तीसाठी बोअर घेतली. पाणी लागलं तेव्हा पहिली घागर मायनं भरली होती. मग उद्यान आलं. भोवती भिंत आली. बोअर आत राहिली, आम्ही बाहेर.

उद्यानाला दोन वाटा ठेवल्या. मोठ्या रस्त्याला, कॉलनीच्या बाजूनं, कमान. आमच्या बाजूनं एक माणूस जाईल एवढं लोखंडी गेट. वस्तीला पाण्यासाठी हे गेट कायम उघडं राहील, असं भूमिपूजनाच्या भाषणात सांगितलं होतं. भूमिपूजनात बोललेलं सगळं त्याच खड्ड्यात पुरायची पद्धत आहे, हे आम्हाला उशिरा कळलं.

पुढं महापालिकेनं ते उद्यान समोरच्या कॉलनीतल्या एका समितीला दत्तक दिलं. दत्तक देताना आईबापाला विचारतात, एवढं आम्ही ऐकून होतो. समितीनं आधी बाक बसवले. प्रत्येक बाकावर कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांचं नाव. टेकलं की कुणाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं. मग पाटी लावली. घागरी, हंडे, बादल्या आणण्यास मनाई. कुत्र्याला गळ्यात पट्टा असल्यास प्रवेश.

समितीचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी अडवण्यातच आयुष्य गेलेलं. सवय सुटली नसावी.

घागर ओतली त्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या गेटला साखळी आणि कुलूप लागलं. वस्ती टँकरच्या मागं पळायला लागली. टँकर आला की भांडण. नाही आला की जास्त भांडण.

अशात एका संध्याकाळी अध्यक्ष आमच्या घरी आले. मी शाळेत मराठी शिकवतो आणि शहरात कुणालाही शाल-श्रीफळ द्यायचं असलं की सूत्रसंचालनाला मला बोलावतात. आवाज चांगला आहे, हे एक कारण. दुसरं असं, की वस्तीतला माणूस माइकवर दिसला की कार्यक्रम सगळ्यांचा वाटतो आणि त्याला व्यासपीठावर खुर्चीही द्यावी लागत नाही. सूत्रसंचालक उभाच असतो.

"बागेत कारंजं बसवलंय सर. जलपूजन ठेवलंय. मोठी मंडळी येणार. तुमच्याशिवाय शोभा न्हाई."

माय पाण्याचा तांब्या घेऊन आली. अध्यक्षांनी तिच्याकडं पाहिलं. ओळखलं नाही. आठवडाही झाला नव्हता.

"नको नको, आत्ताच चहा झाला."

"घ्या की साहेब," माय म्हणाली. "बागेचं न्हाई, टँकरचं हाय."

अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीची आहे.

मी विचारलं, "कारंज्याला पाणी कुठलं?"

"बोअरचंच की. लई पाणी हाय तिला."

"मग मागचं गेट उघडा."

"कार्यक्रम होऊ द्या सर. आत्ता उघडलं तर फोटोत घागरी येतात. नंतर बघू."

मी हो म्हणालो. त्या 'नंतर बघू'साठी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी गालिचा, फेटे, सनई. कारंज्याच्या हौदाला झेंडूची माळ. पूजेच्या ताटात हळद, कुंकू, नारळ. पाण्यावर आमच्याकडं फार भक्ती. ते कुणाला मिळतं याच्याशी तिचा संबंध नसतो. मी माइक हातात घेतला आणि कुणीतरी कळ दाबून पाहिली. पाणी उसळलं. पोरं ओरडली. मी सहज मागं बघितलं. मागच्या गेटच्या गजांना धरून वस्तीतल्या बाया उभ्या होत्या. सकाळपासून टँकरची वाट बघत थांबलेल्या. हातात रिकाम्या घागरी. कडेला माय. सगळ्या वर बघत होत्या, जिथवर पाणी जात होतं तिथवर.

माझ्या हातात मानाप्रमाणे क्रम लावलेला कागद होता. पहिल्यांदा कोण, मग कोण. तो मी घडी करून खिशात घातला.

म्हणालो, "जलपूजनासाठी मी विनंती करतो..." आणि मायचं नाव घेतलं. पूर्ण नाव. आधी श्रीमती लावून. "या बोअरची पहिली घागर त्यांनी भरली होती. त्या मागच्या गेटबाहेर उभ्या आहेत. कुलूप काढावं. मग कार्यक्रम सुरू होईल."

दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग त्यांनाही ऐकू आलं काय बोललो ते. टाळ्या थांबल्या.

अध्यक्ष खुर्चीवरून उठून आले. माइकवर हात ठेवून, दात ओठ खात पण हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "सर, हे काय करायलात? तुम्हाला मान दिला आम्ही."

"मान राहू द्या. किल्ली द्या."

माइक माझ्या हातातून गेला. दुसऱ्या कुणीतरी नावं वाचली. नारळ फुटला. फोटो निघाले. मी गालिच्यावरून उतरून कमानीतून बाहेर पडलो, पूर्ण भिंतीला वळसा घालून मागच्या गेटापाशी गेलो. काहीतरी केलं, असं वाटत होतं.

मायनं माझ्याकडं बघितलं.

"नाव घेतलंस. आयकू आलं," ती म्हणाली. "पाणी न्हाई आलं."

एवढंच. माझी सगळी वाचलेली पुस्तकं तिच्या तेवढ्या बोलण्यापुढं गप्प बसली. मी बोललो होतो, आणि बोलणं म्हणजे करणं असं समजून घरी निघालो होतो.

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मी दोन घागरी काढल्या.

"कुलूप हाय तिकडं," माय म्हणाली.

"तिकडनं न्हाई जायचं. म्होरनं जाऊ. कमानीतनं."

ती थांबली. मग पदर खोचला आणि शेजारच्या दारावर थाप मारली. "ए सखू, चल. घागर घी."

मागोमाग आणखी बाया निघाल्या. आम्ही कमानीतून आत गेलो. ऊन पडलं होतं. फिरायच्या पट्ट्यावरून, फिरणाऱ्या बुटांमधून, कैलासवासी वडिलांच्या ओळीसमोरून. पहारेकऱ्यानं आम्हाला बघितलं आणि जमिनीकडं बघायला लागला. बायांनी घागरी भरल्या आणि त्याच वाटेनं बाहेर आणल्या. कुणी हात लावला नाही. कॉलनीतली एक बाई तेवढी म्हणाली, "ट्रॅक ओला होतोय हो." सखू म्हणाली, "मग हळू चाला, बाई."

संध्याकाळपर्यंत शाळेत तक्रार गेली. संस्थाचालकांचा फोन आला. "सर, नोकरी सांभाळून समाजसेवा करा." मग अध्यक्ष स्वतः आले. या वेळी खाली मान घालून. ओट्यावर किल्ली ठेवली.

"मागचं गेट तुमचं. पहाटे या, भरा, जा. कुणी इचारणार न्हाई. कमानीतून तेवढं नको. चांगली लोकं येतात फिरायला."

"आन् आम्ही कोन हाव?" मायनं विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेला माणूस शिकलेल्या माणसाकडं बघतो तसं, समजून घ्या म्हणून.

याच गेटासाठी मी त्यांच्या माइकवर उभा राहायला हो म्हणालो होतो. आता ते समोर होतं. उघडं, अंधारातलं, एका माणसाच्या रुंदीचं. मी किल्ली उचलली आणि त्यांच्या हातात परत दिली.

नोकरीचं काय व्हायचं ते होईल. आम्ही कमानीतून जातो. उजेडात जातो. मागचं गेट उद्या भिंतीसकट पाडलं, तरी आम्ही कमानीतूनच जाऊ.