चिठ्ठीवरचं गाव

विहिरी खोदणारा तो माणूस बारामतीत आमच्या कॉलेजात दगड आणून द्यायचा. दगड कुठल्या गावचा ते सांगायचा आणि त्याला लावायला मी लिहिलेली चिठ्ठी मला दोनदा वाचायला लावायचा.

एकदा त्याने शाळिग्रामासारखा वेटोळ्यांचा जीवाश्म आणला, अमोनाइट.

"ह्यो हितला न्हाय, सर. भिगवणला धाब्यावर कच्छच्या ट्रकवाल्यानं दिला. कच्छच लिवा."

आपल्या लाव्हाच्या काळ्या दगडात असला समुद्रातला जीव सापडत नाही, हे मीच वर्गात शिकवतो. पण कॉलेजच्या प्रदर्शनात तो आपल्याच भागात सापडला म्हणून प्राचार्यांना पाहुण्यांपुढे मिरवायचं होतं. मी 'भिगवण' लिहिलं.

प्रदर्शनात त्याने एका मुलाकडून चिठ्ठी वाचून घेतली. दाराशी चपला घालताना म्हणाला, "दगडाला तोंड न्हाय, म्हणून व्हय?"

पुन्हा तो आला नाही. चिठ्ठी तिथंच आहे. माझं अक्षर सुरेख आहे. मुलं वहीत तसंच उतरवून घेतात.