छत्तीस वेळा ऐकलेलं गाणं

कानातला एक इअरफोन काढायचा, ओढणीच्या टोकाने स्वच्छ पुसायचा आणि समोरच्याच्या हातावर ठेवायचा. मग म्हणायचं, "आधी शब्द ऐका काका, शिव्या नंतर द्या."

ही त्या पोरीची पद्धत. भिवंडीजवळ काल्हेरच्या आमच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत तिच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. हमाल नाही, ट्रकचे ड्रायव्हर नाहीत, एकदा मालाची तपासणी करायला आलेले साहेबसुद्धा नाहीत. साहेबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "छान आहे, पण हा एवढ्या घाईत का आहे?" ती तीन दिवस हसत होती.

मी त्या गोदामात सुपरवायझर. आता जिथे खोक्यांच्या थप्प्या आहेत तिथे पूर्वी आमचं भातशेत होतं. ती टेमघरहून यायची. वय एकवीस-बावीस. आलेल्या प्रत्येक खोक्यावर स्कॅनर धरायचा, हे तिचं काम. हात चालायचे आणि सोबत ओठही हलायचे. पहिला आठवडाभर मला वाटलं, पोरगी जप करते. नंतर कळलं, ती रॅप पाठ करत असते.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. टीशर्टवर आवडत्या गायकाचा चेहरा, गळ्यात जाड साखळी, उलटी टोपी. हिचं तसं काहीच नव्हतं. साधा पंजाबी ड्रेस, तेल लावून घातलेली वेणी. पण कुठला रॅपर कुठल्या वस्तीत वाढला, कुणी पहिलं गाणं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिलं, सगळं तोंडपाठ. त्या लोकांबद्दल ती शेजारच्या आळीतली पोरं असावीत तसं बोलायची.

"हा आहे ना काका, लहानपणी तोतरा होता. आता एका दमात चाळीस शब्द बोलतो."

"मग श्वास कवा घेतो?"

"तेच तर ऐकायचं असतं!" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "तुम्हाला कळतंय काका. तुम्ही उगाच नाय म्हणता."

मला खरं तर काही कळत नव्हतं. पण एकदा बोलता बोलता मी तिला सांगितलं, की माझी आई धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात बायका धवले गातात, हळदीपासून वरात घरी येईपर्यंत. आईला शेकड्याने धवले येत. पोरगी हातातलं खोकं खाली ठेवून समोर येऊन उभी राहिली.

"म्हणून दाखवा."

मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडकलो. चाल येत होती, शब्द येत नव्हते.

"कुणी लिहून नाय ठेवलं?"

"कोन लिहिनार? तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं."

त्या दिवशी तिने मला इअरफोन दिला नाही.

मग एका सकाळी ती कामावर आली ती उतरलेल्या तोंडाने. स्कॅनर दोनदा हातातून पडला. मी विचारलं, "काय गो पोरी, घरात काय झालं काय?"

"घरी नाय काका. एक जण गायब झालाय."

हा एक जण म्हणजे एक रॅपर. नाव कुणाला माहीत नसलेला, चेहराही न दाखवणारा. त्याने नेटवर तीनच गाणी टाकली होती आणि ती तिला सगळ्यांपेक्षा आवडायची. रात्रीतून ती तिन्ही गाणी आणि त्याचं पानच नाहीसं झालं होतं. तिन्ही गाण्यांचे शब्द तिने वहीत उतरवले होते. शेवटचं गाणं तेवढं फोनमध्ये घेतलेलं होतं.

"जिवंत तरी असेल ना?" तिने विचारलं. तिला खरोखरच भीती वाटत होती.

मी इअरफोन मागून घेतला. बहुधा पहिल्यांदाच. गाणं सुरू झालं. पोरगा हिंदीत भराभर काही तरी बोलत होता. एक ओळ तेवढी कळली, 'अम्मी के नाखूनों में रुई है, मेरी कॉपी में सियाही.' बाकी सगळं डोक्यावरून गेलं. शब्द पकडता येत नव्हते म्हणून मी मागचंच ऐकत राहिलो. मागे लांबून कुठून तरी लाऊडस्पीकरवर एक बाई बोलत होती. मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

"गो, ही तर आपल्या भिवंडीच्या स्टँडवर गाडी लागल्याचं सांगते! वज्रेश्वरी, गणेशपुरी!"

तिने इअरफोन कानात खुपसला. "मी शंभर वेळा ऐकलं असेल काका," ती पुटपुटली, "पण मी शब्दच ऐकत बसले." पोरगा भिवंडीतलाच होता. एसटी स्टँडच्या आसपासचा.

रविवारी दुपारी आम्ही दोघं स्टँडवर गेलो. या वयात मी रॅपर शोधत हिंडतोय हे मी घरी सांगितलं नव्हतं. पाच-सहा दुकानांत लोकांनी आमच्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी एक चहावाला म्हणाला, "वो? ऊपर झेरॉक्सवाला होगा. मशीन के साथ बड़बड़ करता रहता है."

वर अरुंद जिन्याच्या टोकाला एवढंसं दुकान. आत हिच्याच वयाचा एक किडकिडीत पोरगा, शाईने काळी झालेली बोटं. खिडकीखाली स्टँड. वर्षभर बडबडणारी ही मुलगी दारातच ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. शेवटी मीच विचारलं, "वो गाना तू करता है क्या?"

त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, कुणाची तक्रार आली. "करता था, चाचा. डिलीट कर दिया. छह महीने में आख़िरी गाने के छत्तीस व्ह्यू आए. इतने तो यहाँ एक घंटे में झेरॉक्स निकलते हैं."

"उसमें से तीस मेरे हैं," ती दारातून म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा रडतो की काय. म्हणजे उरले सहाच की! पण तो हसायला लागला, आणि मग तीही. मग तिने वही काढून काउंटरवर ठेवली. तिन्ही गाणी, ओळीन् ओळ. त्याने स्वतःच्या फोनमधूनही सगळं पुसून टाकलं होतं. तो बोट ठेवून वाचू लागला, शाळेतली मुलं वाचतात तसा.

"दूसरे गाने में आपने झूठ बोला है," ती म्हणाली. "दूसरे में अब्बू मर गए. तीसरे में अब्बू लूम पर शिफ्ट कर रहे हैं."

तो ओशाळला. "तुक नहीं बैठ रही थी." म्हणजे यमक जुळत नव्हतं.

"तो तुक छोड़ देते. अब्बू को क्यों मारा?"

मी इतकी वर्षं लोकांना गाण्याची वाहवा करताना पाहिलंय. असं बजावताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्याने वही मिटली. मग म्हणाला, "अब फिर से क्यों डालूँ? कौन सुन रहा है?"

"मैं सुन रही थी ना," ती म्हणाली. रागानेच म्हणाली.

पंधरा दिवसांनी गाणी परत आली. दुसऱ्यातले अब्बू जिवंत होते. वही तिने त्याच्याकडेच ठेवली. त्यांच्यात पुढे काही झालं का, असं गोदामात सगळ्यांनी मला विचारून पाहिलं. तुम्हीही विचाराल. मला तरी तसं काही दिसलं नाही. नवं गाणं आलं की ती त्याला चुका कळवायची, तो दुरुस्त करायचा, एवढंच.

जूनमध्ये तिला नाशिकला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला. जाताना सगळ्यांना पेढा दिला आणि मला म्हणाली, "धवले येणारं कुणी गावात असेल ना काका अजून? शोधा. मी सुट्टीत येऊन लिहून घेते." तिच्या जागी आता कशेळीची एक मुलगी आहे. कामाला चोख. ओठ मिटलेले असतात.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. टेमघरच्या समाजमंदिरात मुलांच्या बक्षीस समारंभात मंडळाच्या पोरांना गळ घालून तिने त्या झेरॉक्सवाल्याला चार मिनिटं मिळवून दिली होती. तिची स्वतःची परीक्षा होती, म्हणून तिला येता येणार नव्हतं. "तुम्ही जा काका. आणि फोन धरा."

मी गेलो. समोर सतरंजीवर लहान मुलं, मागे खुर्च्यांवर मंडळाची वडीलधारी माणसं. तो माइक धरून उभा राहिला. मी फोन लावला आणि हात उंच केला. पहिल्या दोन ओळी कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. तिसरीपासून तो सुटला. आईच्या नखांतल्या रुईची ओळ आली तेव्हा मागच्या एका आजीबाईंनी आपले हात उलटून पाहिले. खांदा भरून आला, पण मी हात खाली घेतला नाही.

टाळ्या थांबल्यावर फोन कानाला लावला. तिचा बसलेला आवाज आला, "काका, परत एकदा म्हणायला सांगा ना त्याला."

अध्यक्ष बक्षिसांची यादी घेऊन उठले होते. आयुष्यात मी कधी नाटक बघतानासुद्धा ओरडलो नाही. पण त्या दिवशी फोन तसाच वर धरून, सगळ्या समाजमंदिरासमोर मी ओरडलो, "वन्स मोर!"