आण्णाचे तीन ठोके

ये सुजाता, अशी जवळ येऊन बस. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी थोडं रागावणार आहे, ते मुकाट्यानं ऐकून घे. आण्णाच्या पुण्यानुमोदनाला आलीस ती पाहुण्यासारखी. बुद्धवंदना झाली, चार माणसं आण्णाविषयी बोलली, मग तू उठलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "ऑपरेशनचा हट्ट मी केला. माझ्यामुळं गेले आण्णा." एवढं बोलून जेवायला न थांबता पुण्याची एसटी धरलीस. असं करतात का गं? बाप गेला तुझा, भाऊ माझाही गेलाय की. त्याला आता सात आठवडे झाले. फोन केला की, "आत्या, नंतर बोलू." तू चारचौघांत बोललीस, म्हणून मलाही चारचौघांतच बोललं पाहिजे. रविवारची पुरवणी तू पहिल्या पानापासून वाचतेस हे मला ठाऊक आहे. ज्यांनी आण्णाला कधी पाहिलं नाही त्यांनाही कळावं म्हणून जरा पाल्हाळ लावणार आहे... मधेच पान उलटू नकोस.

आण्णा माझा थोरला भाऊ. उद्यमनगरात त्याची पत्र्याची शेड होती. अपघातातल्या जीपा, टेम्पो सगळंच ठोकायचा, पण जीव जुन्या मोटारींत. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल, मी कुंकू पुसून भावाच्या दारात परत आले, तेव्हा तू शाळेत होतीस. दिवसभर चुलीपुढं बसून रडायचे. एके दिवशी आण्णा डबा खायला आला आणि म्हणाला, "शांते, रडायचंच आसंल तर शेडात येऊन रड. तिथं आवाजात कुणाला ऐकू येत न्हाय. आन् हाताला काम बी हाय." त्याचा जोडीदार काम सोडून गेला होता, आणि रिवेट काही एकट्यानं बसत नाही. रिवेट म्हणजे डोकं असलेला बिनआट्यांचा खिळा. दोन पत्र्यांच्या भोकांतून तो घालायचा. बाहेरचा माणूस डोक्यावर स्नॅप ठेवून हातोडा मारणार. स्नॅप म्हणजे पोलादी कांडी, तिच्या तोंडाला डोकं मावेल एवढी वाटी कोरलेली. आतला माणूस आत निघालेल्या टोकाला, म्हणजे शेपटीला, लोखंडी ठोकळा दाबून धरणार. त्याला डॉली म्हणायचं. ठोका बाहेरून बसतो आणि शेपूट आत चेपते. मी चौथी शिकलेली बाई, पण डॉली धरायला सहा महिन्यांत शिकले.

मधे पत्रा, त्यामुळं तोंडं दिसत नाहीत. आवाज असा की कानठळ्या बसतात. आण्णाचे कान तर त्यातच गेले. मग बोलायचं पत्र्यावर ठोकून. आतल्यानं एक ठोका दिला की, मार अजून. दोन ठोके म्हणजे बसला. तीन म्हणजे खराब झाला, काढून टाक. आमची अर्धी भांडणंसुद्धा याच भाषेत व्हायची. मी भाकरी करपवली की आण्णा ताटावर तीनदा बोट वाजवायचा.

मलकापूरच्या एका इनामदारांची गाडी आली ते साल अठ्ठ्याण्णव. लांब नाकाची, उघडी, साहेबाच्या काळातली. गोठ्यात पडून बॉनेटवर कोंबड्यांनी घर केलेलं. इनामदारांना पोरीच्या लग्नात नवरानवरी त्यातून आणायची होती, म्हणून घाई. ते स्वतःच रिवेटचं पिस्तूल घेऊन आले. "मिस्त्री, हे वापरा. एका माणसाचं काम. दाबलं की बसला."

आण्णानं पिस्तूल उलटंपालटं करून बघितलं. "पावणं, हत्यार झ्याक हाय. पर ह्याचं रिवेट आतनं पोकळ. पाटी ठोकायची आसंल तर आत्ता मारून देतो. ही गाडी दगडाच्या रस्त्यानं थरथरत जाणार. वरातीत मडगार्ड गळून पडलं तर वाजंत्री काय वाजवणार?"

"आणि ह्या बाईंना दमवणार?"

"तिला काय हुतंय? तिची डॉली माझ्या हातोड्यापरीस जड हाय."

ते खरंच होतं. हत्यार निवडण्यात आण्णानं तीन दिवस घालवले. मूळचा एक रिवेट काढून त्याच्या डोक्यावर एकेक स्नॅप ठेवून बघायचा. वाटी लहान पडली तर डोक्यावर वळ उठतो, मोठी झाली तर काठ पत्र्यात रुततो. एकही बसेना, तेव्हा ट्रकच्या जुन्या एक्सलचा तुकडा घेऊन नवा स्नॅप घडवला. डॉलीसाठी मला आडवं झोपवून एकेक ठोकळा हातात द्यायचा आणि वरून ठोका मारायचा. "उडाली का?" उडाली म्हणजे हलकी. शेवटी रुळाच्या तुकड्याची निवडली, मडगार्डच्या बाकात शिरेल अशी एका बाजूनं घासून घेतली, आणि माझ्या मुठीच्या मापानं तिला सायकलची ट्यूब गुंडाळली.

आता माझं पहिलं पाप सांगते. मडगार्डची शेवटची ओळ चालली होती. मी गोणपाटावर उताणी, हात भरून आलेले, डोळ्यांत गंज पडत होता. शेवटून दुसऱ्या रिवेटला डॉली घसरली आणि शेपूट आडवी लवंडली. मला दिसलं. तीन ठोके द्यायचे तर तो ड्रिलनं काढायचा, परत घालायचा, परत धरायचं... मी दोन दिले. बाहेरून डोकं कसं गोल, चकचकीत! दुसऱ्या दिवशी आण्णानं आतून बोट फिरवलं आणि तिथंच थांबला. ओरडला नाही. रिवेट काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "शांते, भाईरनं मला काय बी दिसत न्हाय. तू सांगशील तेच खरं धरून मी हातोडा थांबवतो."

एवढंच. गाडी वरातीला गेली, मडगार्ड पडलं नाही.

त्यानंतर दहा वर्षांनी त्याच्या घशात गाठ निघाली. पहिलं ऑपरेशन झालं, घशात नळी बसली, मान हलवता येईना, बोलणं बंद झालं. हात इतका कापायचा की पेन धरवेना. गाठ परत वाढली. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरं ऑपरेशन करता येईल, पण त्यातून उठतीलच असं नाही. तू आण्णाच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलंस, "आण्णा, करायचं का ऑपरेशन?" हे विसरू नकोस, सुजाता. तू विचारलं होतंस. त्यानं तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाचं हाड वाजवलं. एक. दोन. तीन.

तू वळून म्हणालीस, "आत्या, तीनदा वाजवलं. म्हणजे हो ना?"

ती भाषा तुला येत नव्हती. खोलीत ती दोघांनाच येत होती. आणि मी म्हणाले, "व्हय. करा म्हणतोय."

का म्हणाले? मला भाऊ हवा होता. दुसरं कारण शोधून शोधून दमले, सापडत नाही. त्यानं ऐकलं नसेल, पण माझे ओठ हललेले बघितले. पुन्हा वाजवलं नाही. डोळे मिटून घेतले... त्यानंतर नऊ दिवस नळ्यांत काढले त्यानं, शुद्ध आली ती फक्त कळा सोसायला. ते नऊ दिवस माझे आहेत, तुझे नाहीत. तू विचारलंस, त्यानं उत्तर दिलं, आणि मधल्या माणसानं ते बदललं. कागदावर सही तुझी असली तरी ती माझ्या शब्दावर केलेली आहे.

शेड बंद आहे. परवा कुलूप काढून आत गेले. स्नॅप फळीवर मापानं लावलेले, तेल पुसून ठेवलेले, तसेच. रुळाची डॉली खाली, ट्यूब माझ्या मुठीच्या आकारात झिजलेली. एका भंगार बॉनेटमागं बसून मी ती तीनदा वाजवली. पलीकडं हातोडा होता, माणूस नव्हता. तो वाकडा रिवेट मात्र तेव्हापासून माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. तो तुला द्यायचाय, पण पोस्टानं पाठवणार नाही.

तू ये. ओरड माझ्यावर, बोलू नकोस हवं तर, पण ते न बोलणंही इथं येऊन कर. येत्या रविवारीच ये. शेडची किल्ली माझ्या कमरेला आहे, आणि आता जेवल्याशिवाय तुला एसटी धरू देणार नाही.