खुळो कोबी

माझा नवरा वीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. वर्षातले काही महिने समुद्रावर आणि उरलेले आरोंद्याला घरी, असं आमचं चाललेलं. घरी आला की सुरुवातीला तो नुसता झोपायचा, आणि झोप भरली की त्याला घर पुरेनासं व्हायचं. एका सुट्टीत त्याने न्हाणीचं छप्पर उतरवून पुन्हा घातलं, गळत नव्हतं तरी. मी गावातल्याच शाळेत शिकवते. दुपारी घरी येताना आज काय उकरून ठेवलं असेल, हाच विचार डोक्यात असायचा.

त्या वर्षी सुट्टी लांबली. एजन्सीचा फोन येईना. गणपती झाले, दिवाळी झाली. फोन हातात धरून तो खाडीपर्यंत जायचा आणि परत यायचा. मग एक दिवस स्कूटर काढून पूल ओलांडून पलीकडे गोव्यात गेला, जहाजावरच्या एका सोबत्याला भेटायला. संध्याकाळी परतला तेव्हा पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बोटाएवढ्या जाड काठ्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला निळसर हिरवी दोन-तीन पानं. सोबत्याच्या आत्याच्या परसात हे झाड आजोबांच्या वेळेपासून आहे म्हणे. बी लागत नाही, फांदी तोडून लावायची, आणि मग वर्षानुवर्षं पानं खुडत राहायचं. अमेरिकेच्या बंदरात याच्याच जातीच्या भाजीला कोलार्ड म्हणतात, ती आपण जहाजावर कितीदा रांधली आहे, असं तो सांगत होता.

सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्यांनी एक पान हातात घेऊन चुरगाळलं, वास घेतला.

"कोबीच मा ह्यो? गड्डो कधी धरतलो?"

"धरूचो नाय, आये. ह्येची पानांच खावची."

"गड्डो धरना नाय तो कोबी कसलो? खुळो कोबी."

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं.

त्याने काठ्या आधी विहिरीजवळ लावल्या. दोन दिवसांनी तिथे फार ओल आहे म्हणून उपटून केळीखाली नेल्या. तिथे सावली जास्त म्हणून कुंपणाला. मी शाळेतून येऊन बघते, तर हा पुन्हा मातीत हात घालून बसलेला.

"मुळां तरी धरूक दिया त्येंका," मी म्हटलं. "सारखी उपटलात तर जगतली कशी?"

"हंय दुपारचां ऊन लागता," एवढंच म्हणाला.

बऱ्याचशा काठ्या वाळल्या. शेवटी न्हाणीच्या पाठीमागे, सकाळचं ऊन येतं तिथे, दोन जगल्या. त्याही मी त्याला आता हलवायच्या नाहीत असं स्पष्ट सांगितलं म्हणून. थंडी पडली तशी पानं तळहाताएवढी झाली, मग सुपाएवढी. रोज सकाळी तो पानं उलटी करून अळ्या वेचायचा, मावा दिसला की राख मारायचा. त्याचं मन कशात तरी गुंतलंय याचं मला बरं वाटायचं आणि त्याचा रागही यायचा. माझ्याशी बोलताना त्याचं एवढं लक्ष कधी नसायचं.

पहिली भाजी त्याने स्वतः केली. मधली जाड शीर काढली, पानं एकावर एक ठेवून विडीसारखी घट्ट गुंडाळली आणि कातरायला लागला. सुरी अशी चालत होती की मी कामं सोडून बघत राहिले. "केसासारखी बारीक होयी," तो म्हणाला. "जाड ऱ्हवली तर गुरांनी खावची." बटाटे उकडून त्याच पाण्यात घोटले, लसूण घातली, आणि उकळी आल्यावर तो हिरवा कीस वरून सोडला. सासूबाईंनी वाडगा संपवला आणि म्हणाल्या, "पेज बरी आसा. तोंडाक लावक सुको बांगडो होयो होतो."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पद्धतीने केली. फोडणीला कांदा, हिरवी मिरची, मूठभर सुका जवळा, आणि उतरताना ओलं खोबरं. लाल माठासारखी ती चटकन शिजत नाही, झाकण ठेवून दम काढावा लागतो. पण शिजली की चावायला काहीतरी उरतं. तो दोनदा घेऊन जेवला.

आणि मग एजन्सीचा फोन आला. आठवड्याच्या आत तो गेला. जाताना मला चार-चारदा सांगितलं, खालची पानं खुडायची, शेंड्याला हात लावायचा नाही.

सुरुवातीला रोज निरोप यायचे. मग एका बंदरातून निघताना त्याने सांगितलं की पुढची वाट जरा धोक्याची आहे, तिथे जहाजांवर हल्ले होतात, पण काळजी करू नको. त्यानंतर काहीच आलं नाही. त्याचा फोन लागेना. एजन्सीत विचारलं तर तिथली मुलगी शुद्ध मराठीत म्हणाली, "मॅडम, जहाज सुरक्षित आहे, संपर्क झाला की कळवू." मी परत फोन केला, पुन्हा तेच वाक्य.

शाळेत फोन पर्समध्ये ठेवायचा नियम मीच मुलांसमोर पाळते. त्या दिवसांत तो टेबलावर उघडा असायचा. वर्गात फळ्यावर लिहिताना अर्धं वाक्य राहून जायचं. घरी आले की बसवत नसे. न्हाणीमागे जाऊन अळ्या वेचायचे. अळ्या नसल्या तरी पानं उलटून बघायचे. हातांना काहीतरी हवं असायचं, म्हणून खुडत सुटायचे. खालची पानं संपली, मधली खुडली. भाजी केली, शेजारी वाटली, पुन्हा केली.

"तू बस गो वायच," सासूबाई म्हणाल्या. "तू फिरतंस तां बघून माकाय बसवना नाय." आणि स्वतःच उठून फाटकापर्यंत जाऊन आल्या. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ताटातली भाजी तशीच ठेवली.

एका संध्याकाळी मी भानावर आले तेव्हा दोन्ही झाडांच्या नुसत्या काठ्या उरल्या होत्या. एकीचा शेंडासुद्धा माझ्या हातात होता. तिथेच मातीत बसून मी रडले.

फोन आला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आवाज तुटत होता. "मी बरो आसंय. जहाज खंय आसा तां कोणाक कळाक नको म्हणान आमचां नेट बंद केल्लां. वाट बदलली, लांबच्या वाटेन जातंव."

मी फोन कानाला लावून व्हरांड्यात आले. तो घाबरून "हॅलो, हॅलो" करायला लागला. मग मी जे इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "आता पुरे झालां. परत येवा."

मग म्हणाला, "काँट्रॅक्ट संपल्यार येतंय. मगे जावचंय नाय."

तो आला आणि खरंच गेला नाही. आता पलीकडे गोव्यात एका हॉटेलात रांधतो, सकाळी स्कूटरवरून जातो, संध्याकाळी येतो. ज्या काठीचा शेंडा मी तोडला होता तिला खालून चार फांद्या फुटल्या. दुसरी पहिल्या पावसाळ्यात गोगलगायींनी संपवली. राहिलेलं झाड माझ्या खांद्याला लागतं आणि एका बाजूला कलतं, म्हणून त्याला बांबू बांधला आहे.

मला वाटलं होतं तो घरी राहिला की माझा जीव थाऱ्यावर येईल. तसं झालं नाही. त्याचा फोन वाजला की अजून माझा हात थांबतो. मागच्या रविवारी एजन्सीचाच होता. तो बाहेर जाऊन बोलला, आत आला, ताटावर बसला.

"नाय म्हणान सांगलंय," म्हणाला.

मी भाजी वाढली. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जेवण झाल्यावर बांबू ढिला झालाय म्हणून तो न्हाणीमागे गेला. मी भांडी घासताना खिडकीतून बघत होते. बांबू घट्ट होता. तो दोरी सोडत होता आणि परत बांधत होता.