सुधाताईंचा बिनदोरीचा घोडा

तान्ह्या पोळ्याला आमच्या मदन महलच्या गल्लीत पोरं चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत घरोघर जातात आणि खाऊ मिळवतात. नागपूरकडून आलेल्या आमच्या लोकांनी जबलपुरात बाकी पुष्कळ सोडलं, हे सोडलं नाही. त्या बैलांत एक घोडा असे, सुधाताईंचा. त्याला चाकं होती, पण दोरी नव्हती. मागून ढकलावा लागे, सारखा नालीकडे वळे आणि सगळ्यांत शेवटी पोचे. तोवर चांगला खाऊ संपलेला असे, म्हणून पोरं कुरकुरत. सुधाताई मात्र वरात त्यांच्याच घरची असल्यासारख्या मागून चालत.

सुधाताई माझ्या शेजारी. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान आधीच गेलेले. मुलगा प्रसाद जर्मनीत होता तेव्हा एकदा त्याच्याकडे जाऊन आल्या. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, ताई एका घोड्याचं वेड घेऊन आल्या. तिथल्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी ताखी पाहिला होता. मातकट पिवळं अंग, पांढुरकं तोंड, ताठ उभी आयाळ. कधीच माणसाळला नाही असा रानघोडा. रानातून तो पार संपला, कैदेतले तेवढे वाचले, आणि त्यांचाच वंश पुढे मंगोलियाच्या माळावर नेऊन सोडला, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की माझी बायको भाजी निवडताना त्यांच्या आवाजात म्हणून दाखवी. ताई शेवट ठरलेला करत, "पिंजऱ्यानं वाचवलं, खरं आहे. पण भाऊ, पिंजरा काही घर नाही होत."

माळावरचा ताखी एकदा पाहायचा होता. गुडघ्यांनी नाही म्हटलं. मग इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या सुताराकडून त्यांनी लाकडाचा करून घेतला. त्या बिचाऱ्याने सवयीने लाल लगाम रंगवला, गळ्यात दोरी ओवली. ताईंनी समोर बसून रंग खरवडून घेतला आणि शांतपणे सांगितलं, "भैया, इसको लगाम नहीं लगता." दोरी काहून काढली, असं मी विचारलं. म्हणाल्या, "ज्याला परत जायचं आहे त्याला दोरी नाही लावत, भाऊ."

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. प्रसाद आता बंगळुरूला होता, तो न्यायला आला. मुलगा गुणाचा. आईला एकटं ठेवणं त्याला शक्यच नव्हतं, आणि आम्हालाही ते पटत होतं. ताईंनी वाद घातला नाही. घोडा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"काही दिवस कुंपणात राहून येते. जास्वंदीला पाणी घालत जा. मी येऊन राहिली परत."

फोनवर म्हणत, इथं सगळं वेळेवर मिळतं, जेवण, औषध, सगळं. फक्त इतक्या उंचावर खिडकी उघडू देत नाहीत. मग जास्वंदीची चौकशी, गच्चीतून टेकडीवरचा किल्ला अजून दिसतो का, समोर बांधताहेत ती नवीन इमारत किती वर आली. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. चला, रमल्या एकदाच्या, असं मी घरात सांगितलं.

यंदा पावसाळ्यात त्या गेल्या. नर्मदेत अस्थी सोडायला प्रसाद आला, तेव्हा घोडाही घेऊन आला. घोड्याच्या गळ्यात साडीच्या काठाची दोरी होती. नातवाने बांधली असेल असं मला वाटलं.

"नाही काका, आईनेच बांधली, मागच्या दिवाळीनंतर," प्रसाद म्हणाला. "पलंगाच्या दांडीला बांधून ठेवायची. पता नहीं क्यों."

का ते मला ठाऊक होतं. त्याला सांगायचा धीर झाला नाही. तो गेल्यावर मात्र मी खूप रडलो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी ती दोरी सोडली. ढकलायला कोणी पोर तयार होईना, म्हणून मीच वाकून, कंबर धरत, घोडा गल्लीभर नेला. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो. सुधाताईंच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्याच खिशात होती. मी दार उघडलं आणि त्याला आत सोडलं.