आकडे चुकला

"सर, थंड तेलात आपले आकडे चुकला."

मी असं म्हणली अन् सगळा वर्ग फुटला. सायली तोंडावर हात ठेवून हासली. सरांनी तेवढाही आडपडदा ठेवला नाही. "चुकला? अगं, चुकले! यांचा ले सुटत नाही, आणि सुटला तर हा असा."

हासण्यासारखंच होतं, हाव. आधीच्या सेमिनारमध्ये मी "तेलाले गरम केलं" म्हणली, तवाही हासले होते. म्हणून मी घरी नियमच बसवला. जिथं ले, तिथं ला. मले नाही, मला. तेलाले नाही, तेलाला. अन् त्याच झपाट्यात 'चुकले'चं 'चुकला'! अमडापूरच्या पोरीनंच करावा असा घोळ. माय भेंड्या निवडता निवडता म्हणे, "काऊन वं, पुण्याची झाली का?"

सायली पुण्यात शिकलेली, बुलढाण्याच्या डॉक्टरची पोरगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्हा दोघींचा. जमिनीतून निघणारं कच्चं तेल किती चिकट, पाइपातून किती सहज वाहीन, हे त्याची घनता अन् तापमान घालून सांगणारी सूत्रं असतात. ती खऱ्या मोजमापाशी ताडून पाहायची होती. गणित माझं, बोलणं तिचं. माझंच वाक्य तिच्या तोंडून निघे अन् सर मान डोलवत. मी जळे. खोटं काऊन बोलू? तिच्या साफ बोलण्यावर जळे, तिच्या बेफिकिरीवर जळे. ती चुकली तरी कोणी हासत नव्हतं, त्याच्यावर तर लयच जळे.

बाहेरून परीक्षक येणार होते. जी चांगली बोलीन तिले राज्याच्या स्पर्धेले पाठवणार होते. सर मले म्हणले, "सायली बोलेल. तू स्लाइड बदल. तोंड उघडू नको." मी मुंडी हालवली. त्या मुंडीची आजही चीड येते.

परीक्षकांनी आलेखावर बोट ठेवलं. "थंडीत तुमचं सूत्र इतकं का चुकतंय?"

सायलीनं माझ्याकडं पाह्यलं. सर हळूच मले म्हणले, "तिच्या कानात सांग."

कानात! माझं उत्तर माझ्या तोंडातून निघालं तर बाटणार होतं का?

मी उठली. "सर, हे सूत्र दुसऱ्या मुलखाच्या तेलावर बसवलेलं हाये. या तेलात मेण जास्त. थंडीत ते गोठते, खोबरेल थिजते तसं. त्या सूत्राले हे मेण माहीतच नाही."

सूत्राले. मागच्या बाकावर खसखस झाली. मी थांबली नाही. बोलता बोलताच डोक्यात उजेड पडला. मी माझ्या जिभेचं हेच तर केलं होतं! दुसऱ्या मुलखाचं सूत्र आणून लावलं होतं, अन् वरून मलेच चुकीची समजून राह्यली होती.

तरी सरांनी स्पर्धेले सायलीलेच पाठवलं. जायच्या आधी सरांनी मले बोलावलं. "तिला सगळी उत्तरं लिहून दे."

"नाही देत."

"उद्धट झालीस तू."

"हाव, झाली."

ती गेली तवा माझ्या पोटात आग पडली. अजून हाये. ती विझावी असं मले वाटतही नाही. तिच्यासारखं बोलायची हौस मात्र फिटली. आता मले तिची जागा पाहिजे. अन् ती मी भर सभेत, माझ्याच तोंडानं घेणार.