चुलीच्या चौकटीवरचे ठोके

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दीपमाला सपकाळे धरणगावच्या घरात, कानांवर हेडफोन चढवून कामाला बसलेली होती. जुन्या ध्वनिफितींतली खरखर काढणं हे तिचं काम; ऑफिस जळगावला, गिऱ्हाइकं कुठलीही. यावेळच्या दोन फिती जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरून आलेल्या. पहिलीवर तिथल्या आयनू या मूळ जमातीतली एक म्हातारी गात होती. घुबडाचा देव तिच्या तोंडून 'मी' म्हणत आपली हकिगत सांगत होता. म्हातारी कधीच गेली. त्या घरात आता ती भाषा बोलणारंही कोणी नाही. नातीला मात्र ते गाणं शिकायचं होतं. फीत नक्कल काढताना एकदाच वाजली आणि तुटली; उरली ती नक्कलच.

दीपमालाने सहा दिवसांपूर्वी ते गाणं लख्ख करून पाठवलं. आवाजामागे सारखी ठकठक होती, ती पुसली. तेव्हापासून ठकठक घरात आली. जिन्यावर, टाकीच्या झाकणावर, डब्यांच्या फळीवर. उठून पाहावं तर काही नसे.

आज मेलवर नातीचं पत्र आलं. आभार, आणि शेवटी एक ओळ: आजी काठीने चुलीच्या चौकटीवर ताल धरायची, ती काठी ऐकू येत नाही.

दीपमालाने हेडफोन काढून गाणं मोठ्याने लावलं. मेथी निवडत बसलेल्या तिच्या आजीने, द्रौपदाबाईंनी, मान वर केली.

"मागला आठवडाले हाई बाई चालत व्हती. आते लंगडी व्हयनी."

"आजी, तुला काय कळतंय त्यातलं?"

"माले जातं कळस. दगड थांबना का गानं बी थांबस. तू तिना दगडच काढी लिधा, शहाणी!"

मूळ नक्कल ऑफिसच्या यंत्रावर होती. सातव्या दिवशी, म्हणजे आज सकाळी दहा वाजता, ती आपोआप पुसली जाणार होती. दीपमालाने मालकांना फोन लावला.

"अखिलभाऊ, मूळ फाईल रोखा. ते ठोके गाण्यातलेच होते. मी पुसले."

"काम पास झालंय, ताई. स्वतःच्या हाताने कशाला चूक काढता? आणि तिकडे सांगणार कोण?"

"मी सांगते. दहाच्या आत रोखा."

पावणेनऊला फाईल आली. ठोके जागच्या जागी होते. गाणं संपलं, तरी फितीवर चार ठोके उरलेच. म्हातारीच्या दारात कोणी आलंय असं समजून तिने सगळ्यात आधी तेच कापले होते. द्रौपदाबाईंचे हात मेथीतच होते. दोघींनी दाराकडे पाहिलं; तिथून ठोका आला नाही, जिन्यावरूनही नाही.

नऊ वीसला फाईल आणि चुकीची कबुली होक्काइडोला गेली. कामाच्या तक्त्यावर दीपमालाने दोन शब्द वाढवले: ठोके ठेवणे. उद्या शनिवार. सहा दहाला दुसरी फीत, पहिली बाजू, एकतीस मिनिटं.